गिनी पिगला पिल्लं झालीत? आधी नर वेगळा कर

अगं टेन्शन नको घेऊ, ही पिल्लं उंदराच्या पिल्लांसारखी उघडी-आंधळी नसतात, अंगावर केस, डोळे उघडे, दातसुद्धा आलेले, आणि काही तासांत इकडेतिकडे पळायला लागतात. पण नर अजून त्याच पिंजऱ्यात असेल तर वाचायचं थांब आणि आधी त्याला बाहेर काढ, कारण मादी बाळंत झाल्यावर काही तासांतच परत गाभण राहू शकते आणि ते तिच्या तब्येतीला फार वाईट. पिल्लांतले नर पण साधारण ३ आठवड्यांनी आईपासून आणि बहिणींपासून वेगळे करायचे, लहान दिसतात म्हणून सोडायचं नाही!!

आईला सड दोनच, त्यामुळे चार पिल्लं असली की नंबर लागतात. रोज किचनच्या काट्यावर वजन घे, पहिल्या एक-दोन दिवसांनंतरही घटतच असेल तर सरळ व्हेटकडे ने. सुकं गवत कायम भरलेलं हवं, आणि व्हिटॅमिन सी यांच्या अंगात तयार होत नाही, आपल्यासारखंच, म्हणून सिमला मिरची रोज.

ट्रेनिंगचं म्हणशील तर घाई नको. हातात कोथिंबीर धरून गप्प बसून राहा, वरून झडप घालून उचलू नको, त्यांना घारच आली वाटतं. खाऊ देताना दरवेळी एकच हाक मार, मग नुसता फ्रिज उघडला तरी शिट्ट्या सुरू (शेजारी विचारतात कोण ओरडतंय). शी-शूचं पूर्ण जमत नाही गं, ज्या कोपऱ्यात जास्त करतात तिथेच ट्रे ठेव, बास.