वर्षाला सव्वा लाख किलोमीटर? सायकलवर?

प्रश्न : माझा मुलगा दर महिन्याला २०० किमीच्या बीआरएम राइडला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) जातो. परवा पॅडवाल्या महागड्या शॉर्टसाठी हट्ट धरून बसला आणि वर सांगतो की कोणी इंग्रज गडी एका वर्षात सव्वा लाख किमी सायकल चालवला होता. मी म्हटलं आपली मोटारसुद्धा एवढी फिरत नाही. खरंय का हे? आणि खरं असेल तर त्याचं पुढे झालं काय? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, मुलाने थोडं राउंड फिगर केलंय पण फेकलेलं नाही. टॉमी गॉडविन, इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचा. १९३९ साली त्याने ७५,०६५ मैल काढले, म्हणजे जवळपास १,२०,८०५ किमी. दिवसाला सरासरी ३३० पडतात, रोज मुंबईहून पुण्याला जाऊन परत यायचं आणि तरी वीस-तीस किमी उरतात, तेही ३६५ दिवस, थंडीपावसात, स्टीलच्या जड सायकलवर आणि गिअर फक्त चार.

घरची परिस्थिती बेताची होती, लहान वयातच दुकानाचा माल घरोघर पोचवायचं काम लागलं. त्याच डिलिव्हरीच्या सायकलचं बास्केट काढून टाकलं आणि चौदाव्या वर्षी २५ मैलांच्या रेसमध्ये उतरला, वेळ आली ६५ मिनिटं! मला रेकॉर्डपेक्षा हा किस्सा जास्त आवडतो.

आता रेकॉर्डचं. आधीचा आकडा ऑस्ट्रेलियाच्या ऑसी निकोल्सनचा, ६२,६५७ मैल, तो गॉडविनने ऑक्टोबरमध्येच मागे टाकला. जूनमध्ये तर एका दिवसात ३६१ मैल मारले. पण सप्टेंबरपासून युद्ध सुरू झालं ना, ब्लॅकआउट, रस्त्यावरचे दिवे बंद आणि सायकलचा दिवाही झाकायचा, म्हणजे शेवटचे चार महिने रात्रीचं चालवणं बरंचसं अंदाजपंचेच. आणि गडी शाकाहारी बरं का, ज्यांना रोज चिकन ब्रेस्टशिवाय पेडल फिरत नाही त्यांच्यासाठी सांगतोय.

डिसेंबर संपला तरी हा उतरला नाही. मे १९४० मध्ये ५०० दिवसांत एक लाख मैल पूर्ण करूनच थांबला. मग नीट चालायला परत शिकायला काही आठवडे गेले, आणि त्यानंतर थेट हवाई दलात भरती.

पुढे काय झालं विचारताय, तर तिथे जरा वाईटच वाटतं. स्पॉन्सरचे पैसे घेतले म्हणून तो प्रोफेशनल ठरला, युद्धानंतर हौशी रेसमध्ये उतरू द्या म्हणून अर्ज-विनंत्या झाल्या पण नाहीच दिलं. मग पोरांना शिकवत राहिला. १९७५ मध्ये मित्रांबरोबर सायकलवरून फिरून येतानाच गेला.

रेकॉर्ड मात्र थेट जानेवारी २०१६ पर्यंत टिकलं, मग अमेरिकेच्या कर्ट सर्व्होगेलने ७६,०७६ मैल केले आणि पुढच्याच वर्षी अमांडा कोकर या तरुण मुलीने ८६,५७३. तिने बहुतेक सगळं फ्लोरिडातल्या एका पार्कात सात मैलांच्या गोल रस्त्यावर काढलं. लोक नाकं मुरडतात पण २०११ मध्ये तिला कारने उडवलं होतं, ट्रॅफिकपासून लांब राहिली तर काय चुकलं?

आणि शॉर्ट द्या हो घेऊन त्याला. गॉडविन खाली रेशमी चड्डी घालून चालवायचा, तो हट्ट धरला तर जास्त महाग पडेल.