फाइलचं नाव बदललं तरी जुनी फाइल परत येते

प्रश्न: नमस्कार, मी लिखाण सगळं ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्येच करतो, पण फाइलचं नाव बदलायचं किंवा नवीन फोल्डर करायचं म्हटलं की बाहेर फाइल मॅनेजरमध्ये जातो. हल्ली असं होतंय की नाव बदललं तरी थोड्या वेळाने जुन्या नावाची फाइल परत हजर! आता ताजा मजकूर कुठल्या फाइलीत आहे तेच कळत नाहीये. काय करू?

उत्तर: आधी एक, जुन्या नावाची फाइल घाईने उडवू नका, ताजा मजकूर बहुतेक तिच्यातच आहे. तुम्ही बाहेरून नाव बदललंत ते ईमॅक्सला कळलेलंच नसतं, त्याच्याकडे फाइल जुन्याच नावाने उघडी असते आणि तुम्ही सेव्ह केलं की काही न विचारता तो त्याच नावाने परत लिहून मोकळा होतो. म्हणून मी कायम सांगतो, उघड्या फाइलचं नाव एडिटरमधूनच बदला.

ईमॅक्समध्ये त्यासाठी डायरेड, म्हणजे त्याचा स्वतःचा फाइल मॅनेजर, आहेच. कंट्रोल-एक्स, मग डी, फोल्डर निवडा, यादी समोर येते. फाइलवर जाऊन कॅपिटल आर दाबा, नवीन नाव द्या, ती फाइल उघडी असेल तर तिच्या बफरलाही (ईमॅक्समधल्या उघड्या प्रतीलाही) नवीन नाव लागतं, मग पुढचं सेव्ह बरोबर जागी जातं. कॅपिटल सी म्हणजे कॉपी, अधिकचं चिन्ह म्हणजे नवीन फोल्डर. डिलीट करताना स्मॉल डी ने नुसती खूण होते, एक्स दाबून हो म्हटल्याशिवाय काही जात नाही आणि तोवर यू ने खूण काढता येते, ही सोय मला फार आवडते. फक्त सेटिंगमध्ये डिलीट-बाय-मूव्हिंग-टू-ट्रॅश चालू करून ठेवा, नाहीतर गेलेली फाइल ट्रॅशमध्ये सापडणार नाही.

आणि खरी मजा पुढेच आहे. डायरेडमध्ये कंट्रोल-एक्स कंट्रोल-क्यू दाबलं की ती यादीच साधा मजकूर असल्यासारखी एडिट करता येते! समजा पंचवीस फाइलींच्या नावात ‘मसुदा’ आहे आणि तिथे ‘अंतिम’ हवंय, तर नेहमीचं शोधा-आणि-बदला चालवा, डोळ्यांनी एकदा तपासा आणि कंट्रोल-सी दोनदा दाबा, सगळी नावं एका दमात बदलतात. मन बदललं तर कंट्रोल-सी कंट्रोल-के, काहीच बदलत नाही. मात्र एखादं नाव पूर्ण खोडलंत तर ती फाइल डिलीट करायचीय असा त्याचा अर्थ होतो, तेवढं सांभाळा.

प्रश्न: विम या दुसऱ्या एडिटरमध्ये असं काही आहे का?

उत्तर: आहे, नेटआरडब्ल्यू नावाचा फाइल मॅनेजर, विमसोबतच येतो. कोलन देऊन एक्सप्लोर टाइप करा. टक्क्याचं चिन्ह दाबून नवीन फाइल, कॅपिटल आर ने नाव बदलणं, वजाचं चिन्ह दाबून वरच्या फोल्डरला. पण इथे स्मॉल डी ने नवीन फोल्डर होतो आणि डिलीटला कॅपिटल डी, त्यामुळे दोन्ही एडिटर वापरत असाल तर डी दाबण्याआधी आपण कुठे आहोत ते बघून घ्या.