संमेलन गावीच भरव

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मला वाईट वाटले आणि थोडा रागही आला. कुलसंमेलनाची जबाबदारी तुझ्या गळ्यात घालून वडीलधारी मंडळी मोकळी झाली आणि आता लोणावळ्याचे रिसॉर्ट की गुहागरजवळचे मूळ घर, या वादात तुला एकटीला उभे केले आहे. माझे मत विचारलेस म्हणून सांगतो, संमेलन गावीच भरव.

गावी संडास अपुरे आहेत, म्हाताऱ्यांना प्रवास झेपणार नाही, घरात तीन हिस्से पडलेले आहेत, ही कारणे खोटी नाहीत. पण त्यांवर उपाय आहेत. मे महिना टाळ, कारण तेव्हा विहिरी तळ गाठतात. गणपतीत ज्याला त्याला आपल्या घरची घाई असते आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसते. नाताळच्या सुट्टीत विहिरीला पाणी असते, भात झोडून झालेले असते आणि सारवलेल्या खळ्यात मांडव घालता येतो. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, तेव्हा तारीख दसऱ्यापूर्वीच पक्की कर. चिपळूणला उतरल्यावर पुढचा रस्ता साधारण ४५ किलोमीटरचा आहे. वयस्कर मंडळींना आदल्या दिवशीच आणून विश्रांती दे, आणि गुहागरच्या व्याडेश्वराचे दर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी ठेव. संडास भाड्याने मिळतात. त्यावर एवढी चर्चा कशाला?

आमच्या वेळीही हॉटेलचा हट्ट धरणारे होते, आणि त्या घोळात काही वर्षे गेली. तेवढ्यात थोरले काका गेले. आमच्या प्रत्येक कुणग्याचे, म्हणजे भातखाचराचे, नाव त्यांना ठाऊक होते. ती नावे आता कोणालाच सांगता येत नाहीत. ही खंत माझ्या मनातून जात नाही, आणि म्हणूनच पुढे मी कोणाचेही न ऐकता संमेलन गावीच भरवले. लोक मला हेकट म्हणाले. म्हणोत बापडे, तो हट्ट योग्यच होता असे मी आजही म्हणेन.

कारण त्या संमेलनात आमची धाकटी आत्या नारळी-पोफळीच्या आगरात उतरली आणि ज्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, दोन चुलत घरे कोर्टात गेली होती, त्या गडग्यावर हात ठेवून म्हणाली, "हा बाबांनी घातला, म्हशी पोफळींत शिरत म्हणून. हद्द पलीकडे, त्या रातांब्यापाशी." दोन्ही घरांतली मुले तिथेच उभी होती. दावा त्यामुळे मिटला नाही. पण दुपारी दोन्ही घरे एका पंगतीला बसली आणि मुलांनी एकमेकांना वाढले. हॉटेलच्या सभागृहात आत्या कोणत्या गडग्यावर हात ठेवणार होती?

यादी करताना लेकींना आणि त्यांच्या मुलांना वगळू नकोस. सासरी गेलेल्या बायकांनाच माहेरचे घर बारकाव्यांनिशी आठवते. ज्यांच्याशी बोलणे बंद आहे, त्यांना व्हॉट्सॲपवर निरोप टाकून भागणार नाही. त्यांच्या दारी जाऊन बोलावणे कर. वर्गणी माणशी न घेता घराघराच्या ऐपतीप्रमाणे घे, आणि गावी राहून देवाला दिवा लावणाऱ्या तुझ्या काकांकडून एक पैसाही घेऊ नकोस, कारण त्यांनी आपला वाटा वर्षानुवर्षे दिलेला आहे. सातबाऱ्याचा विषय मांडवात निघणार नाही, हे मात्र तिन्ही हिस्सेदारांकडून आधी कबूल करून घे.

आणि रिसॉर्टवाल्यांनी पुन्हा उचल खाल्ली, तर वाद घालत बसू नकोस. आचारी ठरव, मांडवाला विसार दे, आणि मग सगळ्यांना तारीख कळव. कोणी रागावले तर माझे नाव सांग.

तुझा हितचिंतक