लेदर सीटा तडकल्यात, रंग उडालाय. तेल लावू, कव्हर घालू की दुरुस्त होतील?

तुम्ही लिहिलंय की गाडी दहा वर्षं जुनी, सेकंड हँड घेतलेली, जळगावात दिवसभर उन्हात उभी असते. ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या उंचवट्याला तडे गेलेत, तिथला रंग जाऊन पांढुरकं दिसतंय. एक जण म्हणतो खोबरेल तेल चोळा, दुसरा म्हणतो कव्हर चढवा. मी धुळ्यात २२ वर्षं कुशनचं काम करतो. आधी एवढं ऐका: तेल अजिबात लावू नका, आणि कव्हरचे पैसेही इतक्यात खर्च करू नका.

तेलाचा सल्ला का मिळतो ते मला कळतं. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथे खोगीर-लगाम घेऊन बसणाऱ्यांना विचारलंत तर तेही तेलच सांगतील, आणि त्यांचं बरोबर आहे. ते चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं असतं, वरून उघडं असतं. तेल दिलं की पिऊन घेतं आणि मऊ राहतं. गाडीच्या सीटचं चामडं बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं, त्यावर रंगाचा थर, आणि रंगावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. तुमचा हात लागतो तो या थराला. झिजतो, तडकतो तोही आधी हाच थर. त्याच्यावर तेल चोळलं तर ते वरच बसतं, आपली काळ्या मातीची धूळ धरून ठेवतं, आणि तड्यातून आत मुरलं की तिथे पुढे रंग टिकत नाही. म्हणजे तुमच्या सीटला पाजायचं काही नाहीये, तिचा गेलेला थर परत चढवायचा आहे.

पण सीट खरंच चामड्याची आहे का, हे आधी बघा. कंपनी ‘लेदर सीट’ म्हणते तेव्हाही पुष्कळदा बसायचा भागच चामड्याचा असतो, बाजू आणि पाठ रेक्झिनची. सीटच्या खालच्या कडेला शिलाईजवळ हात घालून उलटी बाजू बघा. चामडं असेल तर आतून लव असल्यासारखं खरखरीत लागेल, रेक्झिन असेल तर आत कापडाची वीण दिसेल. रेक्झिनचे पापुद्रे सुटत असतील तर त्यावर रंग लावण्यात वेळ घालवू नका, तो पापुद्र्यासकट निघून येतो. तेवढाच तुकडा उसवून नवा शिवून घ्या, अख्खी सीट बदलायची गरज नसते.

चामडं निघालं तर पाण्याचा एकेक थेंब चांगल्या भागावर आणि तड्याजवळ टाका. चांगल्या भागावर थेंब तसाच उभा राहील. जिथे थर गेलाय तिथे तो मुरेल आणि डाग काळसर पडेल. ही तुमच्या कामाची हद्द. खडूने खूण करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सफाई. या एका गोष्टीत मी स्वतः मार खाल्लाय. सुरुवातीच्या वर्षांत अमळनेरचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले होते. मी नवी सीट शिवायचं म्हटलं तर म्हणाले, “गाडी जुनी शे, पन मना बापनी शे.” (जुनी आहे, पण माझ्या बापाची आहे.) त्यांना तीच सीट हवी होती. मी वरवर पुसून रंग दिला. दिसायला सुरेख झाली. महिन्याभराने ते परत आले तेव्हा भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा रंग सुटून येत होता. कारण होतं डॅशबोर्डचं पॉलिश. आधीच्या ड्रायव्हरने ते वर्षानुवर्षं सीटवरही फासलेलं, त्यातलं सिलिकॉन चामड्यावर बसलेलं. सगळं उतरवून काम पहिल्यापासून केलं, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी रंगापेक्षा जास्त वेळ धुण्याला देतो.

धुणं म्हणजे पाणी ओतणं नव्हे. सीटच्या आत वायरिंग असतं, माणूस बसलाय का ते ओळखणारा सेन्सर असतो. लेदर क्लीनर मऊ ब्रशवर घ्या, फेस करा, वीतभर जागा घासा, ओल्या कपड्याने पुसा, मग पुढची वीत. भांड्याचा साबण नको, कपड्याची पावडर नको. चामडं जरा आम्लधर्मी असतं, क्षार असलेल्या साबणाने ते कडक होतं. कपडा पांढराच घ्या. पहिल्यांदा तो चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी होईल, तिसऱ्यांदा राखाडी, आणि मग एकदा कोराच निघेल. तिथे थांबायचं. यानंतर रंगवायच्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका हात फिरवा, मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे असतं तेच. राहिलेला तेलकटपणा त्याने जातो. सीटची चमक गेली म्हणून घाबरू नका. ती चमक अंगाच्या तेलाची होती. कंपनीतून आलेलं चामडं बहुतेक मॅटच असतं.

रावेर-सावद्याकडच्या गाड्यांत केळीच्या चिकाचे काळे डाग असतात. थर शाबूत असेल तर ताजा चीक ओल्या फडक्याने निघतो. तड्यात मुरलेला निघत नाही, तो रंगाखालीच झाकावा लागतो. त्याच्यामागे लागून चामडं सोलू नका.

मग फोम दाबून बघा. दाराकडचा उंचवटा उतरता-चढता रोज घासला जातो, आतला फोम बसतो, चामडं सैल पडतं आणि त्याच घडीवर तडकतं. फोम बसलेला असताना वरून भराई केली तर ती तिथेच परत फुटणार. सीटचं चामडं खालून सोडवून फोमचा पातळ थर आत सरकवावा लागतो. हे तेवढं कुशनवाल्याकडून करून घ्या. सीटच्या पाठीच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर त्या शिलाईला गोंद, भराई, दोरा काहीही लागू द्यायचं नाही. अपघातात ती शिलाई फाटूनच एअरबॅग बाहेर येते. सुरुवातीला कव्हरला नको म्हटलं त्याचं हेही एक कारण, घट्ट कव्हर ती शिलाई अडवतं.

तड्यांच्या सुटलेल्या कडा ६०० नंबरच्या वॉटर पेपरने (बारीक पॉलिश पेपरने) हलक्या हाताने बसवा. केसाएवढे तडे असतील तर नुसतं लेदर बाइंडर (आत मुरून चामड्याचे तंतू धरून ठेवणारं पातळ द्रव) पुरतं. नख अडकण्याइतके खोल असतील तर लेदर फिलर, म्हणजे तडे भरायची लवचिक भराई. एटीएम कार्डासारख्या कडेने तड्यात दाबून, वरचं खरवडून काढून, पातळ थर द्या. वाळला की दुसरा. चार-पाच थर लागतात, शेवटी १००० किंवा १२०० चा पेपर. भिंतीला लावायची किंवा गाडीच्या बॉडीची पुट्टी वापरायची नाही, ती कडक होते आणि सीटला तर रोज वाकायचं असतं. बारीक छिद्रांच्या भागात फिलर भरू नका, छिद्रं बुजतात.

रंग पाण्यातला लेदर पिगमेंट घ्या. पुढच्या दोन सीटांना २५० मिली पुरतो. शेड हेडरेस्टच्या खालच्या भागाशी जुळवा, तिथे ऊन पोचलेलं नसतं. एक ठिपका लावा, हेअर ड्रायरने वाळवा आणि उजेडात नेऊन बघा. ओला रंग वाळल्यावर जरा गडद होतो आणि ट्यूबलाइटखाली तर हमखास फसवतो. पहिला थर स्पंजने तड्यांत दाबून, पुढचे चार-पाच थर अगदी पातळ, टिपत टिपत. जाड एकच थर दिला तर रबरासारखा दिसतो. शेवटी मॅट टॉपकोटचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे, दोन-तीन हात. हा टाळू नका, घासणं पुढे तोच सोसतो.

वेळ मात्र बघून निवडा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, रंग स्पंजातच सुकतो आणि पट्टे उठतात. पावसाळ्यात थर लवकर वाळत नाही. दिवाळी ते होळी हा काळ चांगला. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी नऊच्या आत, सावलीत.

काम झाल्यावर एक दिवस सीटवर बसू नका, आठवडाभर ओलं फडकं लावू नका. नंतर पंधरा दिवसांनी धूळ पुसायची, तीन-चार महिन्यांनी क्लीनर. गाडी उन्हात लावावीच लागत असेल तर काचेला सनशेड लावा आणि ड्रायव्हर सीटवर पांढरं सुती कापड टाकून जा. मागच्या खिशात किल्ल्या ठेवून बसायची सवय असेल तर ती आजपासून बंद करा.

थेंब टाकून बघितलात की तड्याचा जवळून काढलेला फोटो आणि चामड्याच्या उलट्या बाजूचा एक फोटो इथे टाका. बाइंडरवर भागेल की फिलर लागेल ते बघून सांगतो.