गेमकट्टा: नवीन भिडूला शिकवायचं कसं?

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयावरचे होते, सर्व्हायव्हल गेममध्ये (म्हणजे जिथे सामान गोळा करत, घर बांधत जीव वाचवत राहायचं असतं) नवीन माणूस आला की त्याला शिकवायचं कसं. त्यातले तीन घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण त्यात सांगण्यासारखं खूप होतं.

प्रश्न: आम्ही ऐरोलीच्या एका आयटी कंपनीतले पाच जण, दर शुक्रवारी रात्री व्हॅलहाइम हा सर्व्हायव्हल गेम खेळतो. आमचं वर्ल्ड (गेममधलं जग) बरंच पुढे गेलंय, लोखंडाचं सगळं बनवून झालंय. मध्ये टीममधले दोन नवीन जण आले. पहिल्याच रात्री त्यांना आयर्न आर्मर (लोखंडी चिलखत), ढाल, गदा, खाणं सगळं दिलं, बरोबर घेऊन फिरलो. तरी एक दोन आठवड्यांत गायब झाला, आणि दुसरा येतो पण बेसमध्ये (गेममधल्या आमच्या घरात) नुसता उभा असतो, विचारलं की म्हणतो तुम्हीच सांगा काय करू. आमचं काय चुकतंय?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: मित्रा, तुम्ही जीव लावून केलंत हे दिसतंय. पण जे सामान तुम्ही त्यांच्या हातात ठेवलंत ते मिळवणं हाच तर हा गेम आहे, आणि तो भाग तुम्ही पाच जण आधीच खेळून बसलाय.

या गेममध्ये एखादी वस्तू पहिल्यांदा उचलली की तिच्यापासून काय बनतं ते मेनूत उघडतं. लाकूड, दगड उचलले की दगडी कुऱ्हाड, रानडुक्कर मारून चामड्याचे तुकडे मिळाले की साधं धनुष्य, असं एकेक करत माणसाला कळत जातं की कशापासून काय होतं. तयार आर्मर घालून फिरणाऱ्याच्या मेनूत यातलं काहीच येत नाही. आणि बेसमधल्या पेट्या उघडून हवं ते घे म्हणालात तर बरोबर उलटं होतं, एकदम ढीगभर गोष्टी उघडतात आणि कुठून सुरुवात करायची तेच समजत नाही, मग माणूस उभा राहतो. तुमचा दुसरा मित्र त्यामुळेच उभा आहे असं मला वाटतं, त्याला इंटरेस्ट नाही असं समजू नका.

दुसरं म्हणजे गदा दिली तरी गदेचं स्किल देता येत नाही ना. इथे स्किल वापरूनच वाढतं, पळण्याचं पळून, ढालीचं मार अडवून, आणि शून्य स्किलवाल्याच्या हातात तुमचीच गदा तुमच्यापेक्षा कमी लागते. वर आयर्न आर्मरमुळे पळायचा स्पीड कमी होतो. आणि एक गोष्ट जुन्या लोकांच्याही लक्षात येत नाही, आजूबाजूला जितके प्लेअर जास्त तितके एनेमी ताकदवान होतात. म्हणजे पाच जण मिळून दोघांना सांभाळायला निघालात तेव्हा समोरचे राक्षस त्या दोघांसाठी आणखी अवघड झाले, तुम्हाला काही जाणवलं नसेल, ते मात्र मरत राहिले असणार.

आता मरण्याचं बघ, कारण माझ्या मते नवीन माणूस गेम सोडतो तो इथेच. मेल्यावर सगळं सामान थडग्यात राहतं आणि प्रत्येक स्किल ५ टक्क्यांनी खाली येतं. पोटातलं खाणंही जातं, म्हणजे उठतो तेव्हा हेल्थ फक्त २५. नवीन माणूस काय करतो, घाबरून तसाच उपाशी थडग्याकडे पळतो आणि परत मरतो, मग परत पळतो, आणि तुम्ही मागून लवकर चल लवकर चल म्हणत असता. त्याला तेव्हा एवढंच सांगायचं की थांब, आधी तीन वेगवेगळ्या गोष्टी खा आणि मग जाऊ. पहिल्या मरणानंतर १० मिनिटं परत मेलं तरी स्किल कमी होत नाही हेही सांगून टाक. त्या १० मिनिटांत माणूस बिनधास्त शिकतो, कारण गमवायला काही उरलेलं नसतं.

मी तुमच्या जागी असतो तर एक नवीन वर्ल्ड काढलं असतं. कॅरेक्टर आणि वर्ल्ड वेगवेगळं सेव्ह होतं, त्यामुळे तुमचं जुनं सगळं जागच्या जागी राहील. तुमच्यातल्या एकाने किंवा फार तर दोघांनी नवीन कॅरेक्टर बनवून त्यांच्याबरोबर शून्यापासून सुरू करायचं, बाकीच्यांनी त्या रात्री जुन्या वर्ल्डमध्ये खेळायचं. ध्येय एकच ठेवा, पहिला बॉस, म्हणजे पहिला मोठा राक्षस, ऐकथिर. त्याला बोलवायला हरणाच्या दोन ट्रॉफ्या (शिकारीत मिळणारी डोकी) लागतात, म्हणजे शिकार आली, शिकारीला धनुष्य आलं, धनुष्याला वर्कबेंच (वस्तू बनवायचं टेबल) आला, वर्कबेंचवर छप्पर लागतं म्हणून घर बांधणं आलं, घरात शेकोटी पेटवली की धूर कोंडतो म्हणून वर वाट ठेवणं आलं, सगळं आपोआप ओळीने येतं आणि तुला वेगळा क्लास घ्यावा लागत नाही. बॉस मेला की त्याच्या शिंगांची कुदळ बनते आणि तिने तांबं-कथील खणता येतं, म्हणजे पुढची वाट त्यांची त्यांना दिसते.

हुगिन नावाचा कावळा येऊन टिप्स देतो तो त्यांना वाचू द्या. तुम्ही पुढे पळालात की त्यांचं वाचणं अर्धंच राहतं.

एका रात्री एकच गोष्ट शिकवा. शुक्रवारी ठाणे-बेलापूर रोडचं ट्रॅफिक काढून दहाला बसलेला माणूस दमलेला असतो, त्याला लढाई, बांधकाम आणि जहाज एकदम सांगून काही डोक्यात राहत नाही. गेममधला एक दिवस साधारण अर्ध्या तासाचा असतो, तेवढं माप धरा. एक दिवस नुसती ढाल. साधी लाकडी गोल ढाल, समोर रानडुक्कर, आणि त्याचा फटका लागायच्या क्षणी ढाल वर करायची, तो लडखडला की मारायचं, बस. टॉवर शील्ड (मोठी उंच ढाल) देऊ नका, तिने असं वेळेवर अडवून लडखडवता येत नाही. झाड तोडताना मात्र बाजूला हो असं आधीच ओरडून सांगा, पडणाऱ्या झाडाखाली नवीन माणूस हमखास मरतो आणि त्यातून तो काही शिकत नाही, फक्त चिडतो.

व्हॉइस चॅटवर शिकवणारा एकच जण बोलेल असं ठरवून घ्या. चार जण एकदम डावीकडे जा, ते सोड, हे घे, तिकडे नको म्हणायला लागले की माणूस ऐकायचंच बंद करतो. शिकवणाऱ्यानेही सांगण्यापेक्षा विचारावं, आता काय करूया, रात्र होतेय, कुठे थांबायचं. येऊरच्या जंगलात ट्रेकला नवीन माणूस असला की त्याला पुढे ठेवतात आणि माहितगार मागून चालतो, तसंच.

आणि तो उभा राहणारा मित्र, त्याला जुन्या वर्ल्डमध्येही एक जागा पूर्ण त्याची म्हणून द्या. समुद्राजवळ एखादं छोटं ठाणं, घर, धक्का, पोर्टल (एका जागेवरून दुसरीकडे झटकन पोहोचवणारं दार) सगळं तो ठरवेल. धातू साध्या पोर्टलमधून जात नाही त्यामुळे तुम्हाला माल बोटीनेच आणावा लागतो, आणि तो त्याच्या धक्क्यावर उतरेल. तिथे तुम्ही त्याच्या भिंती सरळ करायला जाऊ नका, वाकड्या असल्या तरी राहू द्या.

प्रश्न: माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, माइनक्राफ्ट खेळतो आणि मी पण खेळावं म्हणून मागे लागलाय. पण शिकवताना दोन मिनिटांत वैतागतो आणि माझ्या हातातून मोबाइल ओढून स्वतःच करतो. कसं शिकू?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: ताई, तुम्ही शिकायला तयार आहात हेच केवढं आहे, त्याला नक्की कळतंय ते. पहिला नियम त्याच्याशी बोलून ठरवा, आईचा मोबाइल आईच्याच हातात राहणार, त्याने फक्त तोंडाने सांगायचं. दोघांकडे गेम असेल आणि दोघं घरच्या एकाच वायफायवर असाल तर तुम्ही त्याच्या वर्ल्डमध्ये शिरू शकता, म्हणजे त्याचे हात त्याच्या स्क्रीनवर बिझी राहतात.

सुरुवातीला वर्ल्ड पीसफुलवर, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीवर, ठेवायला सांगा. त्यात राक्षस येत नाहीत आणि भूकही कमी होत नाही, तुम्हाला चालायला आणि नजर फिरवायला निवांत वेळ मिळतो, मोठ्यांना खरं तर हेच जड जातं, दोन अंगठ्यांनी एकाच वेळी चालणं आणि बघणं. सेटिंगमध्ये कोऑर्डिनेट्स (आपण कुठे आहोत ते सांगणारे आकडे) दिसतील असं करून घ्या आणि घराचे आकडे कागदावर लिहून ठेवा, हरवलात तरी परत येता येईल. मग पलंग बनवा, तीन लोकर आणि तीन फळ्या, त्यावर एकदा झोपलात की मेल्यावर तिथेच उठाल. हात बसला की इझीवर, त्याच्या वरच्या पातळीवर, या. तेव्हा लक्षात ठेवा की उजेडाची साधारण १० मिनिटंच मिळतात, आणि मेल्यावर पडलेलं सामान आसपास असताना ५ मिनिटांत नाहीसं होतं.

आणि त्याला सारखं का विचारा. सरळ पायाखाली का खणायचं नाही? गुहेत टॉर्च का लावायच्या? त्याला उत्तर शोधून सांगावं लागेल, खाली लाव्हा किंवा पोकळी असू शकते, राक्षस पूर्ण अंधारातच तयार होतात. असं समजावून सांगताना त्याचं ओढून घेणं कमी होईल, कारण आईला आपण काहीतरी सांगतोय यात त्याला मजा यायला लागेल.

प्रश्न: रस्ट या गेममध्ये, जिथे बाकीचे प्लेअरच येऊन लुटतात, मित्राला आणलंय, पण तो रोज सगळं गमावतो आणि रडकुंडीला येतो. त्याला सोपा गेम दे असं सगळे म्हणतात. काय करू?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: त्याला यायचंय ना, मग राहू दे. फक्त वेळ आणि सर्व्हर बदल. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अपडेटबरोबर मॅप पुसले जातात आणि तेव्हा सगळे तुटून पडतात, त्या दोन-चार दिवसांत त्याला नेऊ नकोस. गर्दी कमी असलेला सर्व्हर बघ. स्लीपिंग बॅग (मेल्यावर जिथे परत उठता येतं) दोन-तीन ठिकाणी टाकायला शिकव, घराला एकामागे एक दोन दारं, म्हणजे बाहेरचं उघडताना कोणी घुसला तरी आतलं बंद असतं. बंदुकीचं नंतर बघू. रस्टमध्ये लॉग आउट केलं तरी आपलं शरीर तिथेच झोपलेलं राहतं, त्यामुळे निघायच्या आधी दारं लावली का आणि टूल कबर्डमध्ये (घर टिकवायचं सामान ठेवायच्या कपाटात) लाकूड-दगड पुरेसं आहे का हे रोज त्यालाच तपासायला सांग, नाहीतर घर हळूहळू पडायला लागतं.