पवना धरणावर एका दिवसात तिकोना किल्ला आणि मासेमारी जमेल का? पहिल्या पावसात मासे जास्त लागतात हे खरं का?

जमतं. सकाळी लवकर कामशेतला उतरा, पवनानगरवरून तिकोना पेठ गाठा, ऊन चढायच्या आत गड करून खाली या आणि चारनंतर पाण्याकाठी बसा. चढ तासाभराचा आहे, शेवटच्या उंच पायऱ्या तेवढ्या बेतानं चढा. वरून अख्खं धरण दिसतं, पलीकडे तुंग किल्ला दिसतो. मी लिहायला बसलोय ते मात्र तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी.

पहिल्या पावसात मासे जास्त लागतात, खरंय. पण ते चढणीचे मासे. ओढ्याचं लाल पाणी धरणात उतरलं की ते उलटे वर निघतात, अंडी घालायला. रोहू-कटल्याला त्यासाठी वाहतं पाणीच लागतं, साचलेलं चालत नाही. किलोभर रोहूच्या पोटात दोनेक लाख अंडी असतात.

आमचं जुनं घर आणि सगळी भातखाचरं या धरणात गेली, माझ्या जन्माआधी. आजोबा पुढे त्याच पाण्यावर गळ टाकून बसायचे. आपला बांध कुठे बुडालाय हे ते काठावरच्या एका जांभळाच्या अंदाजानं ओळखायचे, आणि मरळ मासा हमखास तिथेच लागायचा. पहिल्या पावसात मात्र आठ-दहा दिवस ते पाण्याकडे फिरकत नसत.

चुलते, म्हणजे नाना, नेमके त्याच दिवसांत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन ओढ्याच्या तोंडाशी जायचे. मी अकरावीत असताना त्यांनी एका रात्रीत पाटीभर मासे आणले. आई विळीवर चिरायला बसली. पहिल्या माशाचं पोट उघडलं तर गाभोळी, म्हणजे अंडी, दुसऱ्याचं उघडलं तर गाभोळी. शेजारचं पातेलं पिवळंधमक भरलं. आई हात थांबवून म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यागत वाटतंय." मी नानांना बोललो तर ते म्हणाले, "अख्खं शिवार गेलं आपलं या पाण्यात. दोन पाट्या मासे आणले तर कुणाच्या बापाचं खाल्लं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेला हा वाद झालाय.

आज उत्तर आहे. नाना, जमिनीचं तुमचं दुखणं शंभर टक्के खरं, त्यावर मी कधी वाद घालणार नाही. पण जमीन बुडाल्यावर आपल्याला उरलं ते हे पाणीच, आणि त्याचं बियाणं आपण खाल्लं. बियाण्याला राखलेलं भात कुणी शिजवून खाल्लं असतं तर तुम्ही त्याला ओट्यावर उभं केलं नसतं. त्या ओढ्याला आता मासा चढत नाही. सगळा दोष तुमचा नाही, ओढ्याच्या तोंडावर भराव घालून तंबू उभे राहिलेत. पण आधी पडला तो आपला पाग.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. ज्यांचं पोट त्यावर आहे ते दोन महिने थांबतात, मग हौसेनं येणाऱ्यानं का थांबू नये?

तेव्हा दिवाळीनंतर या. साधा गळ, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि संध्याकाळचे दोन तास. चिलापी लागली तर खुशाल घरी न्या, ती बाहेरून आलेली आहे आणि साचलेल्या पाण्यातही भराभर वाढते. लहान रोहू लागला तर आधी हात ओले करा, गळ सोडवा आणि त्याला पाण्यातच हलकं धरून थांबा. शेपटीत जोर आला की तो आपणहून निसटतो.

एक राहिलंच. धरणांतली मासेमारी ठेक्यानं दिलेली असते, म्हणून बसण्याआधी काठच्या गावात विचारा. जाळं आणूच नका. आणि पोहायला अजिबात उतरू नका, खाली गाळ आहे, जुने बांध आहेत, विहिरी आहेत. मे महिन्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं, ते बघायला जरूर या. आमच्या खाचराचा बांधही त्याच दिवसांत वर येतो.