जावातल्या शेतकरी गावात घर-जमीन कोणाची असते? सतरा वर्षं तिथे राहिलेल्या सुनेचं उत्तर

तुमच्या बहिणीचं लग्न मध्य जावातल्या शेतकरी घरात ठरतंय. तिथल्या खेड्यात माणसं कशी राहतात, घर-जमीन कोणाच्या नावावर असते आणि बाहेरून आलेल्या सुनेला त्यात काय मिळतं, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. नवरा पुण्यात शिकत होता, तिथे ओळख झाली आणि २००८ साली लग्न होऊन मी क्लातेन जिल्ह्यातल्या त्याच्या गावी आले. सोलो आणि योग्यकार्ता या दोन जुन्या राजधान्यांच्या मधला, मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याचा हा भातपट्टा. जावा बेट मोठं आहे, त्यामुळे मी लिहिते ते आमच्या भागाचं समजा. लग्ननोंदणी आणि धर्म हा वेगळाच विषय आहे, तो इथे घेत नाही.

आले तेव्हा माझ्या डोक्यात सातबारा होता. जमीन ज्याच्या नावावर, तिच्यावरचं सगळं त्याचं. पहिल्याच आठवड्यात आमच्या परसातल्या नारळावर एक माणूस चढला, दहा-बारा नारळ पाडले आणि घेऊन गेला. मी सासूबाईंना सांगायला धावले. त्या म्हणाल्या, "अगं, ते झाड आत्याचं आहे." जमीन आमची, पण झाड लावलं आत्यानं, म्हणून झाड तिचं. त्याच परसाच्या कडेला एका म्हाताऱ्या सुताराचं घर होतं. घर त्याचं, खालची जागा आमची. याला इथे ‘ङिंदुंग’ म्हणतात. भाडं नाही. आमच्याकडे कार्य असलं की तो सगळ्यांच्या आधी येऊन मांडव घालायचा, एवढंच. जमीन, तिच्यावरचं घर आणि झाड यांची मालकी वेगवेगळी असू शकते, ही इथल्या रूढीच्या कायद्यातली जुनी गोष्ट आहे आणि आजच्या जमीन कायद्याचा पायाही रूढीच आहे.

घर ही तर इथे अक्षरशः हलवता येणारी वस्तू होती. जुनी ‘लिमासान’ किंवा ‘जोग्लो’ घरं सागवानी खांब आणि तुळया एकमेकींत खाचा करून बसवलेली असतात. सांधे सोडवले की सगळं घर उतरवता येतं. अडचण आली की लोक जमीन राखायचे आणि घर विकायचे. आमच्या शेजाऱ्यांचं शंभरेक वर्षांचं घर मुलाच्या शिक्षणासाठी उतरवलं, खांबांवर खडूनं आकडे घातले आणि दोन ट्रकमधून ते गेलं. ते घेणारा हॉटेलवाला होता. त्या दिवशी शेजारीणबाई घरातच थांबल्या नाहीत, बाजारात जाऊन बसल्या. त्या जागी आता विटांचं घर आहे. २७ मे २००६ च्या पहाटे भूकंप झाला, योग्यकार्ता आणि क्लातेन मिळून ५,७०० हून अधिक माणसं गेली. तेव्हा आमच्या गावात विटांच्या भिंती कोसळल्या आणि जुने लाकडी सांगाडे हलून उभे राहिले, असं सासरे नेहमी सांगायचे. पडलेली घरं लोकांनी ‘सांबातान’ करून उभी केली. म्हणजे आपली इर्जिकच. सगळ्यांनी राबायचं, घरवाल्यानं जेवण द्यायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही.

आता शेतीकडे येते. भाताच्या पाणभरल्या खाचराला ‘सावाह’, कोरडवाहू जमिनीला ‘तेगालान’ आणि घराभोवतीच्या परसाला ‘पेकारांगान’ म्हणतात. परसात केळी, पपई, कसावा, नारळ, कोंबड्या. आजारपणाचा आणि सणाचा खर्च बरेचदा इथूनच निघतो. सावाह मोजायचं जुनं माप ‘बाऊ’, म्हणजे सुमारे ७,१०० चौरस मीटर, आपले सत्तर गुंठे. आमच्याकडे लोक ‘पातोक’मध्ये बोलतात. तो साधारण पाव बाऊ, सतरा-अठरा गुंठे. सासऱ्यांकडे दोन पातोक होते आणि गावात ते बऱ्यापैकी शेतकरी गणले जायचे, यावरून अंदाज घ्या. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन कसणाऱ्याला ‘पेतानी गुरेम’ म्हणतात, आणि २०२३ च्या कृषिगणनेत देशातली साठ टक्क्यांहून अधिक शेतकरी कुटुंबं त्यात बसली.

ज्याच्याकडे जमीन नाही तो दुसऱ्याची करतो. निम्म्यानं केली तर ‘मारो’, तिसऱ्या हिश्श्यानं केली तर ‘मेर्तेलू’. १९६० च्या कायद्यानुसार हा करार लेखी असायला हवा, पण आमच्या गावात मी असा कागद एकदाही पाहिलेला नाही. पैशाची नड असेल तर शेत कब्जेगहाण देतात. पैसे परत करेपर्यंत सावकार पीक घेतो. सात वर्षं झाली की असं शेत रक्कम न घेता परत द्यायचं, असंही त्याच वर्षीचा कायदा सांगतो. ते सांगायला सावकाराच्या दारात जाणारा कोणी मला भेटला नाही.

गावच्या जमिनीचा एक प्रकार तुम्हाला लगेच कळेल. सरपंचाला इथे ‘लुराह’ किंवा ‘कपाला देसा’ म्हणतात. आपले ‘कपाल’ आणि ‘देश’ हेच ते शब्द. त्याला आणि इतर गावकामगारांना पगारादाखल ‘बेंगकोक’ जमीन मिळते. आपल्या वतनाची आठवण येते, पण फरक मोठा आहे. बेंगकोक पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते, मुलाकडे जात नाही. आपल्या पाटकऱ्यासारखा पाणी सोडणारा ‘उलू-उलू’ असतो, त्यालाही ती मिळायची. म्हणून लुराहची निवडणूक आली की सगळ्या गावाचं लक्ष त्या खाचरांकडे असतं.

तुम्हाला वाटण्यांबद्दल विशेष जाणून घ्यायचं असेल. इथे मुलींना जमीन मिळते, आणि त्यासाठी भावाशी वैर घ्यावं लागत नाही. दोन पद्धती आहेत. ‘सेगेन्दोंग सेपिकुल’ म्हणजे बाई पाठीवर एक टोपली नेते, पुरुष कावडीत दोन, म्हणून मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. दुसरी ‘सिगार सेमांगका’, म्हणजे कलिंगड मधोमध चिरल्यासारखे सगळ्यांना सारखे. कोणती घ्यायची ते घर ठरवतं. आमच्या सासऱ्यांनी हयातीतच चौघा भावंडांना बसवून सारखे वाटे केले आणि राहतं घर धाकट्या मुलीला दिलं, कारण शेवटपर्यंत तीच त्यांच्यापाशी राहणार होती. मी माझ्या माहेरी बहिणींच्या हक्कसोड पत्रांवरच्या सह्या पाहिलेल्या. त्या बैठकीत चहा देताना माझा हात थरथरत होता.

सुनेनं सासूपाशीच राहायचं असाही नियम नाही. लग्नानंतर सुरुवातीला मुलीच्या माहेरी राहणारी जोडपी पुष्कळ. घरातला पैसा बहुतेक बाईच्या हातात असतो आणि बाजारातही विकणाऱ्या बायाच. तुमच्या बहिणीकडून हिशेब ठेवायची अपेक्षा असेल, तिनं ती मोकळेपणानं घ्यावी.

आता कायदा. हा भाग बहिणीला दोनदा वाचायला सांगा. १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी हक्क, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळतो. १९७४ च्या विवाह कायद्यानं लग्नानंतर कमावलेली मिळकत दोघांची सामाईक ठरते, तिला ‘गोनो-गिनी’ म्हणतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की अडचण होते. नवरा नागरिक असला, तरी त्यानं घेतलेल्या जमिनीत परदेशी बायकोचा हिस्सा येतो, आणि परदेशी माणसाकडे असा हक्क आला तर तो वर्षाच्या आत सोडावा लागतो. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. २०१२ साली शेजारचा तुकडा विकायला निघाला तेव्हा खरेदीखत करणाऱ्यानं माझा पासपोर्ट पाहिला आणि कागद परत सरकवले. चार वर्षं साठवलेले पैसे हातात होते. शेवटी तो तुकडा सासूबाईंच्या नावानं घेतला.

उपाय म्हणजे लग्नाआधी नोटरीकडे मिळकत वेगळी ठेवण्याचा करार करणं. आमच्या लग्नाच्या वेळी तो लग्नाआधीच करावा लागे. ऑक्टोबर २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयानं लग्नानंतरही करता येईल असा निकाल दिला आणि आम्ही तो केला. बहिणीनं मात्र आधीच करावा. या करारामुळे सासरकडची माणसं दुखावतील असं वाटेल, पण माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हे आधीच केलं असतं तर माझ्या नावावर कशाला घ्यावं लागलं असतं?" नवऱ्याला वारशानं किंवा बक्षीस म्हणून आलेली जमीन त्याची एकट्याचीच राहते, तिला अडचण नाही. आणि कोणी सुचवलं की तिसऱ्याच माणसाच्या नावावर घेऊन खासगी कागद करू, तर नको म्हणा. परदेशी व्यक्तीसाठी केलेला असा व्यवहार कायद्यानं रद्दबातल आहे.

कागदाबद्दल आणखी एक. पुष्कळ शेतांना अजून मालकीचं सरकारी प्रमाणपत्र नाही, गावच्या ‘लेतर चे’ नावाच्या जुन्या वहीतली नोंदच असते आणि तीही आजोबांच्या नावाची. २०१७ पासून सरकारनं गावंच्या गावं मोजून प्रमाणपत्रं द्यायला घेतली. सोलो–योग्यकार्ता टोलरस्ता क्लातेनमधून गेला तेव्हा मोबदल्यासाठी लोकांना जकार्ता, सुमात्रापर्यंत पांगलेली चुलत-मावस भावंडं शोधावी लागली. नवऱ्याच्या घरचे कागद कोणाच्या नावावर आहेत, हे लग्नाच्या गडबडीत नाही, पण पहिल्या वर्षात विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र विचारू नका. १९६० च्या कायद्यानं जमिनीचं फेरवाटप व्हायचं होतं. १९६४ मध्ये क्लातेनमध्ये त्यावरून लोकांनी थेट शेतं ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि १९६५-६६ च्या कम्युनिस्टविरोधी कत्तलींत त्यातली किती माणसं मारली गेली हे म्हातारी माणसं मोठ्यानं बोलत नाहीत. मी एकदा जेवताना विचारलं होतं. सासरे ताट तसंच ठेवून उठले.

माझा जीव इथे सगळ्यात जास्त तुटतो तो कापणी पाहताना. पूर्वी बायका ‘आनी-आनी’ नावाची तळहातात मावणारी पाती घेऊन एकेक लोंबी कापायच्या, भाताची देवी देवी श्री घाबरू नये म्हणून. जी येईल तिला कापू द्यायचं आणि कापलेल्यातला वाटा, ‘बावोन’, द्यायचा. मग सत्तरच्या दशकात ठेंगण्या, लवकर येणाऱ्या जाती आल्या, विळे आले, आणि ‘तेबासान’ वाढलं. व्यापारी उभं पीक विकत घेतो आणि स्वतःची टोळी आणतो. आता यंत्र येतं. मी आले तेव्हा सासूबाई कापणीला अठरा-वीस बायकांना बोलवायच्या. यंत्र आल्यावर त्या बायकांना फक्त ‘ङासाक’ उरलं, म्हणजे आपला सरवा वेचणं. सासूबाई यंत्रवाल्याला कोपरे सोडायला लावतात. तो वैतागतो, पण सोडतो.

राहणीचं थोडक्यात सांगते. रस्त्यानं जाताना ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला ‘मोंग्गो’ म्हणायचं. शेजारी लग्न-बारसं असलं की बोलावण्याची वाट न पाहता स्वयंपाकाला जायचं, त्याला ‘रेवांग’ म्हणतात. मी भाषा तिथेच शिकले, कांदे चिरता चिरता. आहेराच्या वह्या इथेही असतात आणि लग्नसराईच्या महिन्यात पाकिटं भरायला भात विकावं लागतं. रात्री गस्तवाले प्रत्येक दारातून चिमूटभर तांदूळ गोळा करतात, ती ‘जिम्पितान’ गावाच्या कामाला जाते.

सासूबाईंच्या नावावरचा तो तुकडा २०१७ साली नवऱ्याच्या नावावर झाला. कुंपणाची भिंत घालताना आत्याचं नारळाचं झाड मधे येत होतं. गवंडी म्हणाला, तोडू. आम्ही झाडाभोवती भिंत वळवली आणि आत्याला येता यावं म्हणून दीड हाताची फट ठेवली. आत्या आता नाही, तिची नात येते. नारळ पाडले की त्यातले दोन आमच्या ओट्यावर ठेवून जाते.